दसऱ्याचा बॅकअप

बोरीवलीच्या आमच्या घरात बॅकअपची हार्ड डिस्क देव्हाऱ्याखालच्या खणात असायची. दर दसऱ्याला मी तिला हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहायचो आणि रेशमी फडक्यात गुंडाळून परत ठेवायचो. नवा कॉम्प्युटर आणला, तर केबल डिस्कमध्ये शिरेना. बायकोने सुईने कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा बाहेर काढला, तेव्हा कुठे डिस्क सुरू झाली. आत ‘सगळं महत्त्वाचं’ नावाचा एकच फोल्डर होता, तोही रिकामा.

“अरे, यात कॉपी कधी केलंस?” तिने विचारलं.

पूजा तेवढी एकदाही चुकवली नव्हती. आणि जुना कॉम्प्युटर मी सकाळीच भंगारवाल्याला देऊन टाकला होता. आपल्याकडे बॅकअप आहे, हे त्यालाही ऐटीत सांगून.