टर्बाइनमधून उतरणारी पिल्लं

वीजघरात त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. शिक्षण जेमतेम दहावी. पण स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावली, की टर्बाइनचं दुखणं तो अचूक सांगायचा. सव्वीस वर्षांत त्याचं निदान एकदाच चुकलं होतं, आणि तेही तो मान्य करत नसे.

धरणाच्या खालच्या अंगाला त्याची थोरली बहीण मासे विकायची. एका वर्षी ती तोंडावरच म्हणाली, “तुझं यंत्र माशांची पिल्लं खातंय. खाली येतच नाहीत हल्ली.”

“ताई, पात्यांमधून माणूस जाईल एवढी फट आहे. बोटाएवढं पिल्लू सहज जातं.”

“जातं रे. कसं जातं, ते बघ एकदा.”

बोलणं जिव्हारी लागलं. सुट्टीच्या दिवशी तो जाळी घेऊन, टर्बाइनचं पाणी बाहेर पडतं तिथे उतरला. तासाभरात जाळी मेलेल्या पिल्लांनी भरली. काही पात्याने तुटलेली. पण बहुतेकांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. डोळे मात्र खोबणीबाहेर आलेले. घरी त्याने एक चिरून पाहिलं. आतली हवेची पिशवी फुटली होती.

पात्यांमागे पाण्याचा दाब एकाएकी उतरतो, हे त्याला पाठ होतं. दाब उतरला की पिशवीतली हवा फुगणारच. त्याच दाबाच्या खेळाने पात्यांच्या पोलादाला खड्डे पडत, आणि ते तो वेल्डिंगने भरत आला होता. ही पिशवी कोण सांधणार?

काही पिल्लं स्पिरिटच्या बरणीत घालून तो मोठ्या साहेबांकडे गेला.

“डॉक्टर, माशांची प्रॅक्टिस कधीपासून?” साहेब हसले.

“पिल्लं उतरतात ते तीनच आठवडे, तेही संध्याकाळी, साहेब. रोज संध्याकाळी दोन तास एक यंत्र थांबवा. पाणी धरणाच्या दरवाजातून सोडा.”

साहेबांनी बरणी त्याच्या हातात परत दिली. सोबतचे म्हणाले, “बसलाय त्याच फांदीवर कुऱ्हाड घालतोय!” साहेब बदलत गेले; हा बरणी घेऊन प्रत्येकाच्या दारात उभा. चौथ्या खेपेला त्या जागी बाईसाहेब आल्या. त्यांनी बरणी खिडकीपाशी नेली, बराच वेळ पाहिली, आणि त्या हंगामात यंत्र थांबलं.

दोन वर्षांनी ताई म्हणाली, “दिसतात थोडी. पहिल्यासारखी नाहीत.”

“निम्मी तरी?”

“निम्मी कुठली!”

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं यंत्रही थांबवण्याचा अर्ज दिला. निवृत्तीला दोन महिने उरलेत. उत्तर अजून आलेलं नाही.