नियम पुसणारं डस्टर

खडूच्या धुळीचा वास आला की आमच्या नागपूरच्या कॉलेजातली ती संगणकाची खोली आठवते, आणि अजूनही माझं डोकं तापतं. अख्ख्या कॉलेजात एकच संगणक, त्यामुळे दाराबाहेर चपला काढून देवळात शिरावं तसं आत जायचो. सरांनी फळ्यावर चौकटी आखून त्यांत शून्य आणि एक भरले होते. बाजूला बाजू लागलेले सगळे एक हे एकाच गटात, नुसता कोपरा लागला तर वेगळे, हा नियम त्यांनीच वर लिहिला. गट किती, हे प्रोग्रामने सांगायचं. माझा प्रोग्राम एका घरावर खूण करून शेजारच्या घरात शिरायचा, वाट संपेपर्यंत आत जायचा, मग मागे फिरून उरलेल्या वाटा बघायचा. उत्तर आलं पाच. सरांनी बोटाने मोजून चार सांगितले होते. "सर, तुम्ही दोन गट कोपऱ्यावर जोडलेत," मी म्हटलं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, डस्टर उचललं आणि नेमका नियम पुसला. "कोपऱ्याला लागलं तरी शेजारीच," म्हणाले, आणि माझ्या कागदावर लाल फुली मारली. मैत्रीण कुजबुजली, "जाऊ दे वं, सरले काहून नडून राहिली?" आता मीच शिकवते. फळ्यावर नियम लिहून झाला की डस्टर पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात देते.