वैशाली हो म्हणाली, मी अजून नाही

मंडळी, माझी बायको वैशाली हिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. तिचं चालणं बंद झालंय, आता हातांतलीही ताकद कमी होतेय. आज गंगापूर रोडला डॉक्टरांकडे गेलो होतो. तिसरं औषधही लागू पडलेलं नाही. एमआरआयमध्ये मेंदूत नवे डाग दिसले.

डॉक्टर म्हणाले, "आता स्टेम सेल ट्रान्सप्लांटचा विचार करा. तुमच्याच पेशी काढून ठेवायच्या, मग केमोने बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकायची, मग त्या परत द्यायच्या. यात जिवाची जोखीम आहे."

वैशालीने विचारलं, "मी पुन्हा चालेन?"

"खात्री नाही. पण हात वाचवता येतील कदाचित."

बाहेर आल्यावर तीच म्हणाली, "हात राहिले तर पोरीची वेणी तरी घालीन. करूया आपण."

खूप थकलोय. तुमच्यापैकी कुणी आपल्या माणसाला अशा उपचाराला 'हो' म्हटलंय? कसं म्हटलंत?