कमाईचा नफा, विकल्याचा नफा

कोणती बाई पुढे हप्ता बुडवणार, हे बोरी अरबच्या विमलताईंना आधीच कळतं, असं आमच्या भिशीत सगळ्या मानतात. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून भिशी त्याच चालवतात. नवी बाई आली की त्या एकच विचारतात, "हप्ता कमाईतून भरशीन का काही विकून?" गेल्या वर्षी भिशीत यायचं म्हणून आलेल्या नलूनं खरं ते सांगितलं, सुरुवातीचे हप्ते बकऱ्या विकून भरीन म्हणाली. ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अन् बकऱ्या सरल्या का मंग काय विकशीन?" नलू उठून निघून गेली. मी ताईंची शेजारीण. मला ते मुळीच पटलं नव्हतं, पण ताईंपुढे बोलायची कुणाची टाप आहे?

पुढे ताईंना शेअरचा नाद लागला. मोबाइलवर बघून बघून शिकल्या. दर शेअरमागे कंपनीला नफा किती आणि शेअरचा भाव त्याच्या किती पट, ते पाहायचं. पट कमी तर शेअर स्वस्त. पाइप बनवणाऱ्या बाकीच्या कंपन्या पंचवीस पटीला, आणि ताईंना सापडली ती फक्त सहा पटीला! शिवाय नफा एका वर्षात चौपट. ताई हरखून गेल्या, निवृत्तीचे निम्मे पैसे तिच्यात घालून मोकळ्या झाल्या. आम्हाला तर असं ऐकवायच्या, जणू तो कारखाना त्यांच्याच अंगणात आहे.

ते ऐकून नलू आली. माहेरचा प्लॉट विकून तिच्या हिश्श्याचे पैसे आले होते. "ताई, असे पैसे मले जन्मात पुन्हा भेटनार नाहीत. तुमी घेतलं तेच माह्यासाठी घ्या. सोमवारी घेऊनच टाका." तिचं खातं ताईंनीच उघडून दिलं होतं.

रविवारी विहारातून आल्यावर ताई कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बसल्या. स्वतःचे पैसे घालताना तो वाचला नव्हता, पण नलूचे घालायचे म्हटल्यावर हात अडखळला. संध्याकाळी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. चेहरा पार उतरलेला.

"हे वाच बरं. माह्या डोयाले बरोबर दिसून नाही राह्यलं."

डोळे ठीकच होते. नफ्याचा मोठा वाटा 'इतर उत्पन्ना'तून आला होता आणि खाली बारीक अक्षरात टीप होती, कारखान्याची जुनी जमीन विकली. पाइपांचा नफा तर आधीपेक्षाही कमी झालेला. तेवढाच धरला, तर सहाची पट तिसाच्या घरात जात होती.

ताईंना जेवण गेलं नाही. आपले पैसे अडकले ही धास्ती होतीच, पण त्याहून मोठा प्रश्न, नलूला काय सांगायचं. नुसतं थांब म्हटलं, तर ती आपल्या पुतण्याकडून, बंटीकडून, त्याच कंपनीचे शेअर घेणार, तीही ताईंच्याच शब्दावर. आणि कारण सांगायचं, तर ते नलूलाच सांगायचं! मला त्यांची कीव आली, आणि थोडं बरंही वाटलं.

सोमवारी बाजार उघडायच्या आधीच नलू दारात हजर. ताई कशाबशा म्हणाल्या, "नलू, नको घेऊ."

नलूचा चेहरा पडला. "काहून? भिशीत नाही घेतलं, अन् आता यातही नाही?"

"तसं नाही वं. त्या कंपनीनं जमीन विकली, अन् तेच नफ्यात दाखवलं. धंद्यात काही नाही. म्या पाह्यलंच नाही."

"अन् तुमचे पैसे?"

"अडकले. निघतीन तेवढे काढीन."

मला वाटलं, आता नलू भांडणार. पण तिनं आवाजही चढवला नाही.

"माह्या दोन बकऱ्या दिसल्या तुमाले, ताई. अन् एवढी मोठी जमीन नाही दिसली?"