पोटातून बोला, मामी!

समोरच्याचा चेहरा सोडून थेट गळ्याकडे बघणारी माणसं जगात दोनच: घशाचा डॉक्टर आणि माझ्या नणंदेचे जावई. डॉक्टर निदान "आ करा" असं सांगतो तरी. जावईबापू पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी कौतुकाने विचारलं, "मटण कसं झालंय?" तर म्हणाले, "मामी, तुमचा आवाज घशात अडकलाय." मी रस्सा दुसऱ्यांदा वाढलाच नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. चाळिशीला टेकलेल्या या गृहस्थांनी अंबरनाथच्या कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी सोडली आणि आवाज-उच्चार शिकवणारा प्रशिक्षक व्हायचं म्हणून मुंबईत पदव्युत्तर कोर्सला जाऊन बसले. आमची भाची, म्हणजे त्यांची बायको, रडायला लागली, तर हुंदक्यात तिचा श्वास कुठे तुटतो ते तिलाच समजावून सांगू लागले. उल्हासनगरला साडी घ्यायला गेलो, तिथे गल्ल्यावरच्या सिंधी शेठला म्हणाले, "शेठ, पेट से बोला करो." शेठ म्हणाला, "साईं, पेट के वास्ते ही तो दिनभर बोलता हूँ!"

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने एक बिघडलेला आवाज सुधारून परीक्षकांपुढे उभा करायचा होता. आमचं सगळं बदलापूर सोडून यांची नजर पडली माझ्यावर. तेव्हा मी पन्नाशीची, मांजर्लीच्या महिला मंडळाची अध्यक्ष; बुद्धविहारात वंदनाही मीच सांगायची. कोणी माइक पुढे केला की मला अपमान वाटे. आपला आवाज मांजर्लीतून थेट बेलवलीपर्यंत पोचतो याचा इतका तोरा, की मी बोलायला लागल्यावर शेजारी खिडक्या लावतात त्या डासांमुळे, अशी माझी खात्री होती! पण जावयाला नाही कसं म्हणणार? रोज संध्याकाळी मी जमिनीवर आडवी, पोटावर तांदळाची पिशवी, आणि जावईबापू डोक्याशी उभे: "पिशवी हलू दे मामी, खांदे नकोत! पोटातून बोला!" हळूहळू मी इतकी मऊ बोलायला लागले की भाजीवाला माझी हाक न ऐकताच पुढे जाऊ लागला. घरात आमचे हे तेवढे खूश. एकदा म्हणालेच, "जावईबापू, हा कोर्स अजून वर्षभर वाढवून नाही का मिळत?"

परीक्षेच्या दिवशी जावईबापूंचा चेहरा पांढराफटक. नोकरी सोडलेली, आता डिग्रीही हुकली तर भाचीला तोंड कसं दाखवणार? परीक्षक बाई मला म्हणाल्या, "समजा, हॉल बायकांनी भरलाय आणि माइक बंद पडलाय. बोला." झालं! इतक्या महिन्यांचं मऊ बोलणं मी गुंडाळून ठेवलं आणि मंडळाच्या सभेतली आरोळी ठोकली, "ए मागच्या, गप्प बसा गं!" जावईबापूंनी डोळे मिटले. शिपाई दारातून डोकावला. मी मात्र रंगात येऊन अख्खं भाषणच ठोकलं.

"घसा दुखतोय?" बाईंनी विचारलं.

मी गिळून पाहिलं. एरवी एवढ्या ओरडण्यानंतर दोन दिवस हळद-दूध लागायचं. "नाही हो," मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं.

बाई जावईबापूंकडे वळल्या. "डोळे उघडा. आवाज यांचाच ठेवलात, श्वास तेवढा बदललात. हेच तर शिकायचं होतं." तेव्हा त्या माणसाचा श्वास असा अडकला, की पाणी मलाच पाजावं लागलं.

पुढे त्यांनी उल्हासनगरची कितीतरी पोरं कॉल सेंटरसाठी तयार केली. मग पुण्याला गेले. आमचे हे वारल्यापासून मलाही आवाज चढवायला कोणी उरलेलं नाही. रविवारी जावईबापूंचा फोन येतो. जेवण जातं, झोप लागते, सगळं मजेत, असं मी ठसक्यात सांगते. पलीकडे ते माझा श्वास ऐकत असतात. मग म्हणतात, "मामी, खोटं बोलताय."

"तुम्हाला काय कळतंय डोंबल!" असं मी म्हणते खरी. पण फोन ठेवत नाही.