टेलरबाईंचा गळ

टेलरबाईंचं दुकान जिन्याखालच्या खोलीत होतं. शिलाई मशीन भिंतीला, कापायचं टेबल दाराला आणि मधे गिऱ्हाईक कसंबसं उभं राहील एवढी जागा. पूर्वी तिथं आणखी एक मशीन असायचं. त्यावर बाईंची मैत्रीण बसायची. एक दिवस ती गेली आणि तिच्याबरोबर बाईंचा नवराही गेला.

एवढं बाईंनी एक वेळ पचवलं असतं. पण जाताना नवरा सगळ्यांना सांगून गेला, की बायकोचं डोकं सरकलं आहे, उशाखाली कात्री घेऊन झोपते. लोकांना ते पटलं. कॉलेजातल्या मुलीलाही पटलं. ती वडिलांकडे राहायला गेली. पुढे तिच्या लग्नाच्या दिवशी बाई हॉलच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि तशाच परत आल्या.

वर्षं गेली. नवरा निवृत्त झाला. एका गिऱ्हाइकानं माप देता देता त्याच्याबद्दल कौतुकानं सांगितलं, "नदीकाठच्या बागेत रोज सकाळी दिसतात. खंड्याचा फोटो काढायचाय म्हणे, चोचीत मासा धरलेला. पुतळ्यासारखे बसून असतात."

बाईंनी दातांत धरलेली टाचणी काढली. "रोज?"

त्याच आठवड्यात त्यांनी गळ विकत घेतला.

बागेतली फिरायची वाट वरून, बांधावरून जाते. खाली पाण्यावर एक वाळकी फांदी वाकलेली आहे, तिथं खंड्या यायचा. नवरा लव्हाळ्यांत कॅमेरा रोखून बसलेला असायचा. बाई जवळच्याच खडकावर बसल्या. खंड्या आला, मान तिरकी करून पाण्यात पाहू लागला. नवऱ्यानं श्वास रोखला आणि बाईंनी गळ फेकला. डुबुक! निळा पक्षी भुर्रकन पार.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गळाला आमिष लावायची तसदीसुद्धा बाई घेत नव्हत्या, शिसं मात्र चांगलं जड लावायच्या.

नवऱ्यानं बागेच्या रखवालदाराला बोलावून आणलं. रखवालदार म्हणाला, "इथं मासे धरायला परवानगी आहे साहेब. पाटीच आहे तशी." मग बाईंकडे वळून त्यानं विचारलं, "काही लागलं का, मावशी?"

"लागतंय हळूहळू," बाई म्हणाल्या.

महिनाभरात नवऱ्याचा चेहरा उतरला. एका सकाळी तो तरातरा खडकापाशी आला. "किती छळशील अजून?"

जन्मभर त्याला 'अहो' म्हणणाऱ्या बाई सरळ 'अरे'वर आल्या. "अरे, वेडी ना मी? वेड्या माणसाला काय कळतंय, कधी थांबावं ते!"

"काय पाहिजे तुला?"

"लेकीला फोन लाव. इथं, माझ्यासमोर."

तो आधी चिडला, मग गयावया करू लागला. बाई पाण्याकडे बघत राहिल्या. शेवटी त्यानं फोन लावला. "तुझी आई वेडी नव्हती गं," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं." पलीकडून फोन बंद झाला.

संध्याकाळी लेक दुकानात आली. मधल्या जागेत उभी राहून खूप रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं, चहा केला. निघताना ती म्हणाली, "आई, आता सोड ना बाबांना."

"तू आलीस, बरं वाटलं," बाई म्हणाल्या. मग मशीनवर जाऊन बसल्या.

सकाळी नवरा निर्धास्त होऊन लव्हाळ्यांत बसला होता. खंड्यानं सूर मारला, मासा घेऊन फांदीवर आला. डुबुक!

"मी फोन केला ना!" तो ओरडला.

"तो लेकीसाठी होता," बाई म्हणाल्या. "माझं अजून व्हायचंय."

त्यानंतर नवरा त्या काठावर दिसेना. दोन-चार दिवस बाई नुसत्याच बसून होत्या. करमेना. मग त्यांनी रखवालदाराला हाक मारली. "काय हो, ते कॅमेरावाले साहेब हल्ली कुठं बसतात?"

"पुलाच्या पलीकडे, मावशी."

बाईंनी दोरी गुंडाळली. "तिकडंही धरता येतात ना मासे?"