काळं आभाळ आणि नारिंगी म्हैस

आमच्या गावची चारा छावणी बंद पडली ती माझ्यामुळे. लोक अजून सरकारला दोष देतात आणि मी तो देऊ देतो.

वडवणीत माझा फोटो स्टुडिओ होता. दुष्काळात लग्नं थांबली आणि गिऱ्हाईक एकच उरलं, दूध संस्थेचे चेअरमन. गावाबाहेरची छावणी संस्थाच चालवायची. माझ्या चुलतीची म्हैस तिथेच होती. चुलते गेल्यापासून चुलतीचं घर त्या म्हशीच्या दुधावर चालत होतं.

संस्थेचं दुखणं जुनं होतं. सभासदांपुढे भरभराट दाखवायची आणि सरकारपुढे दैना, तीही एकाच माळावर, एकाच आठवड्यात.

वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ काळं-पांढरं असायचं. चेअरमन म्हणाले, सभासदाला धीर वाटला पाहिजे, आभाळ जरा भरून आल्यागत दाखवा. त्या दिवशी वर निळंशार आभाळ आणि पिंजलेल्या कापसासारखे दोन ढग. मी लेन्सवर लाल फिल्टर चढवला. लाल काच निळा रंग अडवते, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या फोटोत आभाळ शाईसारखं काळं येतं आणि ढग उठून दिसतात. छापून आल्यावर तर वाटावं, संध्याकाळपर्यंत ओढ्याला पूर येणार. खाली बाभळीजवळ, चुलतीच्या म्हशीशेजारी चेअरमन कमरेवर हात ठेवून उभे, जणू ढग त्यांनीच मंजूर करून आणलेत.

मग छावणीच्या अनुदानासाठी रंगीत फोटो काढायचे होते. तीच बाभळ, तेच चेअरमन, शेजारी चुलतीची तीच म्हैस. या वेळी नारिंगी फिल्टर. माळ भाजून निघाला, बाभळ वाळली, चेअरमनचे पांढरेशुभ्र कपडेसुद्धा करपले. मी याला कला म्हणत होतो.

चेअरमनना तो अहवाल इतका आवडला की त्यांनी वजन पडावं म्हणून तोही प्रस्तावाला जोडला. तहसील कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि यातलं खरं कोणतं, असं विचारलं. चेअरमन म्हणाले, दोन्ही. साहेबांच्या खिडकीबाहेर कोरडं आभाळ होतं, पण त्यावर संस्थेचा शिक्का नव्हता. प्रस्ताव फेरपाहणीसाठी परत आला. पाहणीला कुणी येईपर्यंत छावणीतला चारा संपला आणि ज्याने त्याने आपलं जनावर सोडून नेलं. चुलतीने म्हैस काही दिवस झाडपाल्यावर तगवली. मग बाजारात नेऊन विकली.

त्यानंतर चुलती स्टुडिओत आली. म्हशीचा फोटो तुझ्याकडे आहे म्हणतात, तर एक दे, म्हणाली. मी दोन्ही पुढे ठेवले. तिने आधी नारिंगी फोटो उचलला.

"ही आमची न्हाई. तिच्या कपाळावर पांढरा टिकला व्हता. ही तर शेंदूर फासलेल्या देवावानी दिसायली." मग तिने दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "आन् ह्यात पाऊस कावून आलाय? त्या दिशी तर टँकर बी न्हवता आला."

छपाईत असं होतं, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि नारिंगी म्हैस पदराखाली धरून ती गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला सोसेना.

पुढचा पाऊस झाल्यावर एकदा तिच्या दारात गेलो. खिशात दोन्ही काचा होत्या. अंगणात दावणीचा खुंटा अजून तसाच होता. मी लाल काच तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्याला लावून आधी आभाळ बघितलं, मग खुंटा, मग मला.

"तू बी लालच दिसायलास की रं," ती हसून म्हणाली.

"काकू, छपाईचं खोटं सांगितलं मी. आभाळ या काचंनं मीच काळं केलतं. छावणी माझ्यामुळं मोडली, तुमची म्हैस माझ्यामुळं गेली. चुकलो मी. माफ करा."